चिकित्सेची सुरुवात स्वतःपासून : कालाम सुत्त आपण खरोखर वाचले आहे का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बुद्ध पौर्णिमेच्या तयारीत आम्ही, म्हणजे विहारातल्या अभ्यासगटाच्या सात-आठ जणांनी, वर्गणी काढून एक मोठे पोस्टर छापून घेतले. त्यावर तथागतांच्या नावाने एक वाक्य होते. तुम्हीही ते कुठे ना कुठे वाचले असेल. आशय असा की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, मी सांगतो म्हणूनही मानू नका. तुमच्या बुद्धीला पटले तरच माना.

पोस्टर विहाराच्या दारात लागले. फोटो निघाले, ग्रुपवर गेले, 'नमो बुद्धाय' आणि 'जयभीम'चे शंभरेक मेसेज आले. संध्याकाळी अकरावीत शिकणारी आमच्याच वस्तीतली एक मुलगी आली. पोस्टरसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हे कुठल्या सुत्तात आहे?"

"कालाम सुत्तात," आमच्यातल्या एकाने सांगितले.

"त्यात अगदी असंच आहे का? तुम्ही वाचलंय?"

खरे उत्तर असे होते की आमच्यापैकी एकानेही ते सुत्त पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेले नव्हते. 'कोणी सांगितले म्हणून मानू नका' हे वाक्य आम्ही कोणीतरी सांगितले म्हणूनच मानले होते! पण त्या क्षणी हे कबूल करण्याऐवजी आमच्यातला एक जण तिच्यावरच चिडला. "आधी अभ्यास कर, मग प्रश्न विचार," असे तो बोलून गेला आणि बाकीचे आम्ही गप्प बसलो.

ती निघून गेल्यावर आम्हाला लाज वाटली. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही सुत्त उघडले. हा लेख त्या रात्रीपासून सुरू झालेल्या शोधाबद्दल आहे. चिकित्सक विचार म्हणजे काय, स्वतःचे पूर्वग्रह ओळखायचे कसे, आणि चळवळीत काम करणाऱ्या तरुणांसाठी हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे आपण नीट समजून घेऊया.

कालामांची अडचण

हे सुत्त अंगुत्तर निकायातल्या तिकनिपातात येते. केसपुत्त हे कोसल देशातले कालामांचे गाव, म्हणून त्याला केसमुत्ति सुत्त असेही म्हणतात. कालाम तथागतांना आपली अडचण सांगतात. आमच्या गावात अनेक श्रमण-ब्राह्मण येतात. प्रत्येक जण आपल्या मताची थोरवी गातो आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करतो. यातला खरे कोण बोलतो आणि खोटे कोण, हे आम्हाला कळेनासे झाले आहे.

आज आपल्या मोबाईलमध्ये दिवसभर जे येते ते याहून वेगळे काय आहे?

तथागत त्यांना शंका घेतल्याबद्दल रागावत नाहीत. शंका घेण्यासारख्या ठिकाणीच तुम्हाला शंका आली आहे, असे ते म्हणतात. मग केवळ ज्यांच्या आधारावर एखादी गोष्ट स्वीकारू नये असे दहा आधार ते सांगतात. अनुस्सव म्हणजे ऐकीव गोष्ट. परंपरा. इतिकिरा म्हणजे 'असे म्हणतात बुवा' या प्रकारची वदंता. पिटकसंपदान म्हणजे ग्रंथात आहे म्हणून. हे पहिले चार. शेवटचे दोन म्हणजे भब्बरूपता, अर्थात बोलणारा माणूस भारदस्त आणि लायक वाटतो म्हणून. आणि 'हे श्रमण आमचे गुरू आहेत' म्हणून.

हे सहा आपल्याला माहीत असतात. व्याख्यानांतून आपण ते सांगतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या ग्रंथांवर, दुसऱ्यांच्या गुरूंवर लावतो.

पण मधले चार? तक्क म्हणजे केवळ तर्क. नय म्हणजे केवळ अनुमान. आकारपरिवितक्क म्हणजे वरवर कारणे जुळताना दिसली म्हणून. आणि दिट्ठिनिज्झानक्खन्ति म्हणजे आपण आधीच विचार करून स्वीकारलेल्या मताशी एखादी गोष्ट जुळते म्हणून ती मान्य करणे.

हे चारही आधार आपल्या स्वतःच्या डोक्यातले आहेत. त्या रात्री आम्ही इथे थबकलो. आमचे पोस्टर सांगत होते, 'तुमच्या बुद्धीला पटले तर माना.' सुत्त सांगत होते, नुसते पटणे पुरेसे नाही. कारण जे आधीपासून मनात आहे तेच आपल्याला चटकन पटते. म्हणजे दारावर आम्ही जे लावले होते ते सुत्ताचे सार नव्हतेच. सुत्ताने ज्यापासून सावध केले, नेमके तेच आम्ही उपदेश म्हणून छापले होते.

मग मानायचे कशाच्या आधारावर? तथागत तर्क टाकून द्या असे म्हणत नाहीत. ते एक कसोटी देतात. एखादी गोष्ट कुशल आहे की अकुशल, दोषयुक्त आहे की निर्दोष, सुज्ञ लोक तिची निंदा करतात की प्रशंसा, आणि ती आचरणात आणली तर हित होते की दुःख, हे स्वतः जाणून घ्या. पुढे ते कालामांनाच प्रश्न विचारतात. माणसाच्या मनात लोभ, द्वेष, मोह उत्पन्न होतो तो त्याच्या हिताचा की अहिताचा? उत्तरे कालाम स्वतः देतात. म्हणजे परिणाम तपासायचा, सुज्ञांचे मत विचारात घ्यायचे आणि आपल्या मनात त्या वेळी काय चालले आहे तेही बघायचे.

मज्झिम निकायातले चंकी सुत्त याच्याही पुढे नेते. तिथे एका तरुण ब्राह्मण विद्यार्थ्याशी बोलताना तथागत सांगतात की श्रद्धा, आवड, ऐकीव गोष्ट, कारणांचा विचार आणि मताशी जुळणे, या पाचही आधारांवर स्वीकारलेली गोष्ट खरीही निघू शकते आणि खोटीही. म्हणून ज्याला सत्याचे रक्षण करायचे आहे त्याने 'अशी माझी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे. 'हेच खरे, बाकी सगळे खोटे' या निष्कर्षावर उडी मारू नये. याला पालीत सच्चानुरक्खण म्हटले आहे.

मन पुरावा कसा निवडते?

अडीच हजार वर्षांपूर्वी दिट्ठिनिज्झानक्खन्ति म्हणून ज्याची नोंद झाली, त्याच्या जवळपासची गोष्ट आजचे मानसशास्त्र 'कन्फर्मेशन बायस' या नावाने ओळखते. आपल्या मताला दुजोरा देणारा पुरावाच शोधायचा, तोच लक्षात ठेवायचा आणि उलटा पुरावा दिसला की त्यातली खोट काढायची, असा हा मनाचा कल.

१९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तीन आकडे दिले : २, ४, ६. हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. त्यासाठी तुम्ही हवे तेवढे तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही एवढे आम्ही सांगू. बहुतेकांच्या मनात लगेच आले, 'दोन-दोनने वाढणारे आकडे.' मग ते ८, १०, १२ सुचवत. उत्तर येई, बसतात. २०, २२, २४? बसतात. आत्मविश्वास वाढे आणि ते नियम जाहीर करत. तो चुकीचा असे. खरा नियम होता 'चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे.' १, ७, ५० हेही चालले असते. पण आपला अंदाज खोटा ठरवू शकेल असे आकडे सुचवून पाहण्याचे बहुतेकांना सुचलेच नाही.

हा प्रयोग तुमच्या अभ्यासगटात करून पाहा. आम्ही केला. पदवीधर, शिक्षक, वकील असे सगळे आठ, दहा, बाराच म्हणाले.

आकड्यांच्या बाबतीत जर असे होते, तर ज्या प्रश्नांशी आपल्या भावना जोडलेल्या आहेत तिथे काय होत असेल? १९७९ मध्ये चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात फाशीच्या शिक्षेबद्दल ठाम मत असलेले विद्यार्थी घेतले. निम्मे बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. एकाचा निष्कर्ष फाशीमुळे गुन्हे कमी होतात, दुसऱ्याचा नेमका उलटा. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचल्यावर माणसे जरा मधोमध यायला हवी होती. झाले उलटेच. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला, दुसऱ्यात चुका दिसल्या, आणि दोन्ही गट आपापल्या मताबाबत आधीपेक्षा जास्त कडवे झाले.

हे वाचून आपल्या मनात काय येते? 'अगदी खरे आहे, ते लोक असेच असतात.' बरोबर ना? नेमक्या याच सवयीचा अभ्यास एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना पूर्वग्रहांची यादी दिली आणि विचारले, हे तुमच्यात किती आणि इतरांमध्ये किती? लोकांनी स्वतःला सरासरी माणसापेक्षा कमी पूर्वग्रहदूषित ठरवले. पूर्वग्रहांची माहिती असणे आणि ते आपल्यात पाहता येणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा हा लेख वाचून तो 'त्या लोकांना' पाठवावासा वाटला, तर आधी क्षणभर थांबा.

जातीचा चष्मा कोणाकोणाच्या डोळ्यांवर?

पूर्वग्रह ही आपल्यासाठी केवळ मानसशास्त्राच्या पुस्तकातली गोष्ट नाही. त्याची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे आणि आजही मोजतो आहोत. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असला पाहिजे. खासगी कंपन्यांच्या ५४८ नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखाच, फरक फक्त नावात. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जदाराची साधारण एक-तृतीयांश. अर्ज बाजूला टाकणाऱ्यांना विचारले असते तर बहुतेकांनी 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' असेच सांगितले असते.

हा अभ्यास आपण सभांमध्ये सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. पण याच विषयावरचा दुसरा एक अभ्यास आपण क्वचितच सांगतो. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी तो भारतात केला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांना तपासायला उत्तरपत्रिका दिल्या. मुखपृष्ठावर विद्यार्थ्याचे वय, लिंग आणि जात लिहिलेली होती, पण ती खरी नव्हती. सोडतीसारखी कशीही वाटून दिलेली होती. ज्या पेपरवर खालची मानलेली जात लिहिली होती त्याला किंचित कमी गुण मिळाले. इथपर्यंत आपल्याला अपेक्षितच वाटते. पण कमी गुण दिले कोणी, हे तपासल्यावर जे दिसले ते आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. हा भेदभाव मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांकडूनच झाला होता.

यावरून उच्चजातीय लोक भेदभाव करत नाहीत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. थोरात-अॅटवेल यांचा अभ्यास समोर आहेच. आणि हा अभ्यास काही मोजक्या शिक्षकांचा होता. पण त्याने एक गोष्ट दाखवली. जात ही बाहेर उभी असलेली भिंत नाही, ती आपण श्वासातून आत घेतलेली हवा आहे. जिने आपल्याला कमी लेखले, तिच्याच मापाने आपणही आपल्या मुलांना मोजू शकतो.

तेव्हा स्वतःला काही प्रश्न विचारूया. लग्न जमवताना, बौद्ध झाल्यानंतरही, पूर्वीची पोटजात आपण हळूच विचारतो का? आपल्या संघटनेच्या बैठकीत महिला कार्यकर्त्या बोलतात तेव्हा किती वेळा त्यांचे वाक्य अर्धवट तोडले जाते? एखादा मुद्दा ताईने मांडला तेव्हा कोणी लक्ष दिले नाही आणि तोच नंतर दादाने मांडल्यावर टाळ्या पडल्या, असे झाले आहे का? भटक्या-विमुक्त, मातंग, चर्मकार, आदिवासी, मुस्लिम समाजातल्या माणसांबद्दल आपल्या घरात, चेष्टेत का होईना, काय बोलले जाते? उत्तरे कोणाला दाखवायची नाहीत. एका वहीत लिहून ठेवायची.

राईनपाडा विसरता येणार नाही

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. भिक्षा मागून पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. मुले पळवणारे कोणीच नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पण बटणावर मर्यादा घालता येते, मनावर नाही.

तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोणाचा जीव घ्यायचा नसणार. 'खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहिलेले बरे,' एवढाच विचार असणार. म्हणजे इतिकिरा. मग तोच मेसेज चार ग्रुपवरून चार वेळा आला. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी दाखवून दिले की एखादे विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते खरे वाटू लागते, मग ते प्रत्यक्षात खोटे का असेना. त्यात अनोळखी चेहरे, वेगळी भाषा, मळके कपडे. भटक्या समाजाकडे चोर म्हणून पाहायला इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने, १८७१ पासून, सरकारी शिक्का मारून शिकवले. कायदा गेला तरी नजर राहिली.

आणि वर गर्दी. सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची होती. उत्तर डोळ्यांसमोर होते. पण खोलीतले बाकीचे सगळे, आधीच ठरवून, एकसुरात चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेले. याच प्रयोगमालेतली दुसरी बाब आपल्यासाठी जास्त मोलाची आहे. खोलीत एक जरी माणूस खरे उत्तर देणारा असला, तर इतरांना खरे बोलायचे धाडस मोठ्या प्रमाणात येत असे. म्हणून ग्रुपवर 'याचा पुरावा आहे का?' असे विचारणारा एकटा माणूस एकटा नसतो. गप्प बसलेल्या अनेकांना तो बोलते करतो.

मग बाजूच घ्यायची नाही का?

अभ्यासगटात हा आक्षेप लगेच आला आणि तो रास्त आहे. 'दोन्ही बाजू ऐका, तटस्थ राहा' हे वाक्य आपल्यावर अनेकदा हत्यारासारखे वापरले गेले आहे. अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला तटस्थतेच्या नावाखाली ताटकळत ठेवले जाते. तेव्हा चिकित्सा म्हणजे शोषक आणि शोषित यांच्या मधोमध उभे राहणे असे आम्ही म्हणत नाही. बाजू घेणे वेगळे आणि पूर्वग्रह वेगळा. बाजू आपण तपासून, कारणे देऊन घेतो. पूर्वग्रह तपासणीच्या आधीच निकाल लावून मोकळा होतो.

बाबासाहेबांनी बाजू घेतली होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. पण त्यांची पद्धत पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे त्यांनी वेगवेगळे धर्म अभ्यासले, तोलले. आणि ज्या धम्माचा स्वीकार केला त्याच्याही परंपरागत कथा त्यांनी जशाच्या तशा घेतल्या नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात ते विचारतात की म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत सिद्धार्थाला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत कधी दिसलेच नाहीत, हे शक्य आहे का? आपल्याला प्रिय असलेल्या कथेला असा प्रश्न विचारणे सोपे नसते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. तो इशारा केवळ इतरांच्या नेत्यांपुरता होता असे समजायचे कारण नाही.

शिवाय खरे तपासणे ही आपली गरज आहे, चैन नव्हे. अत्याचाराची बातमी आली की संतापाने आपण लगेच फोटो, आकडे, नावे पुढे पाठवतो. त्यातला एक फोटो जुना किंवा दुसऱ्या राज्यातला निघाला की विरोधकांना आयतेच मिळते आणि 'सगळेच खोटे आहे' असे म्हणून खऱ्या पीडित कुटुंबाची तक्रारही उडवून लावली जाते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव वा फोटो प्रसिद्ध करणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. आपल्या घाईची किंमत आपण मोजत नाही. ती न्यायासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे कुटुंब मोजते.

सरावाच्या काही सवयी

पूर्वग्रह पूर्ण जात नाहीत. पण शील जसे सरावाने येते तसे त्यांना पकडणेही सरावाने जमते. आम्ही करून पाहिलेल्या काही सवयी सांगतो.

१. आधी वेदना ओळखा. मेसेज वाचून छातीत काय झाले? संताप, आनंद, 'बघा, मी म्हणत नव्हतो?' असा विजय? भावना जितकी तीव्र, तितके जास्त थांबा. विपश्यनेला बसणाऱ्यांना हे सांगायला नको. आम्ही ग्रुपसाठी नियम केला आहे की रक्त खवळवणारी बातमी किमान एक तास पुढे पाठवायची नाही.

२. बाजू बदलून पाहा. हेच विधान, हाच पुरावा विरोधी संघटनेने आपल्याबद्दल दिला असता तर आपण मानला असता का? नसता, तर आता का मानतो आहोत?

३. खोटे ठरवायचा प्रयत्न करा. २, ४, ६ आठवा. 'मी चुकत असेन तर मला काय दिसायला हवे?' हा प्रश्न लिहून काढा आणि तेच मुद्दाम शोधा.

४. मूळ ठिकाण विचारा. बाबासाहेबांच्या नावाने वाक्य आले तर कोणता ग्रंथ, कोणते भाषण, कोणती तारीख? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रकाशित केली आहेत. तिथे सापडले नाही तर त्यांच्या नावाने फिरवू नका, वाक्य कितीही चांगले असले तरी. बुद्धवचनाचे असेल तर कोणता निकाय, कोणते सुत्त? फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून तो याआधी कधी, कुठे आला होता ते पाहा.

५. समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडा, मग खोडा. वादविवाद स्पर्धेची तयारी करताना आम्ही आता मुलांना दोन्ही बाजूंनी बोलायला लावतो. आपली बाजू त्याने कच्ची होत नाही, उलट तिच्यातल्या फटी आधीच दिसतात.

६. बैठकीत आधी लिहा, मग बोला. महत्त्वाचा निर्णय असेल तर प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहायचे, मगच चर्चा. ज्येष्ठ पदाधिकारी शेवटी बोलतील. 'साहेब म्हणतात तेच बरोबर' याला त्याने बराच आळा बसतो. 'समणो नो गरू' हा दहावा आधार संघटनांनाही लागू आहे.

७. भाषा बदला. 'हेच सत्य आहे' याऐवजी 'मला असे वाटते, त्याची ही कारणे' असे म्हणा. चंकी सुत्तातला सच्चानुरक्खणाचा हा पाठ रोजच्या बोलण्यात आणता येतो.

८. चूक झाली तर जिथे केली तिथेच कबूल करा. शंभर जणांच्या ग्रुपवर खोटे पाठवले असेल तर दुरुस्ती एकट्याला खासगीत पाठवून भागत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. या सवयी दुसऱ्याचे तोंड बंद करायला वापरू नका. 'तुझा कन्फर्मेशन बायस आहे' असे म्हणून वाद जिंकता येईल, पण ते हत्यार झाले, चिकित्सा नव्हे. आणि प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊन हातावर हात ठेवून बसणे हाही विचार नव्हे. कालामांना तथागतांनी शंकेतच सोडले नव्हते. तपासून जे हिताचे कळेल त्यानुसार जगा, असे सांगितले होते.

पोस्टरचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी आम्ही ते उतरवले. काहींचा विरोध होता. 'आशय चांगलाच आहे ना, राहू द्या,' असे ते म्हणत होते. दोन तास वाद झाला. शेवटी ज्या ग्रुपवर फोटो टाकले होते तिथेच आम्ही लिहिले की हे वाक्य ज्या शब्दांत आम्ही छापले तसे सुत्तात नाही, आमची चूक झाली. पोस्टरच्या जागी सुत्तातले दहा आधार मराठी अर्थासह हाताने लिहून लावले, खाली निकायाचे आणि सुत्ताचे नाव घातले.

मग आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. जो चिडला होता त्याने तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला फक्त वाचायचं होतं, म्हणून विचारलं."

आता दर रविवारी अभ्यासगटात एक जण आठवड्यातला एक फॉरवर्ड घेऊन येतो आणि सगळे मिळून त्याचा माग काढतो. कधी तो विरोधकांचा असतो, कधी आपलाच. आपल्यातला खोटा निघाला की अजूनही जरा वाईट वाटते. तुमच्या विहारातही असा एक तास सुरू करा. सुरुवात दुसऱ्यांच्या मेसेजपासून करू नका. गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतः पुढे पाठवलेला एक मेसेज निवडा आणि तो आला कुठून ते शोधा.

जयभीम. नमो बुद्धाय.